होमपेजवरचे पाहुणे

"व्हिडिओ काढून टाकायचा असंल तर मंग वेबसाईटच बंद करून टाका म्याडम," असं म्हणून अप्पांनी मोबाईल टेबलावर ठेवून दिला.

मोबाईलवर तो व्हिडिओ चालूच होता. ड्रोन नर्सरीवरून गोल फिरून खाली आला, कमानीतून आत शिरला आणि केशरी फेटा बांधलेले अप्पा हात जोडून उभे दिसले. त्यांच्यानंतर त्यांचे धाकटे भाऊ नाना. मग सगळे सोयरे, मानाप्रमाणे, एकेक करून. अप्पांनी आवाज पूर्ण वाढवलेला होता. शेवटी मीच हात पुढे करून तो बंद केला, नाहीतर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू आलं नसतं.

मी काही व्हिडिओची दुश्मन नाही. मी वेबसाईट बनवते. इंजिनियरिंग संभाजीनगरला केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता जालन्यात माझं स्वतःचं ऑफिस आहे. बियाण्यांचे डीलर, लोखंडाचे व्यापारी, दोन-तीन मंगल कार्यालयं, अशी माझी गिऱ्हाइकं. नातेवाईक अजून विचारतात, तू नक्की काय करतेस? मी सांगते, लोकांची दुकानं मोबाईलमध्ये मांडून देते. ते मान डोलावतात आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच विचारतात.

अप्पांची नर्सरी परतूरहून आष्टीकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. तिथे मोसंबीची कलमं होतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी एका काटक जातीच्या लिंबाचं रोप वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. मग चांगल्या मोसंबीच्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फुटायच्या बेतात असलेला कोंब, सालीसकट काढून खुंटात बसवायचा. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा शेंडा छाटायचा आणि कलम पिशवीत वाढवायचं. पावसाळा लागला की शेतकरी ते घेऊन जातो. आणि त्याच हंगामात ते गेलं पाहिजे. पिशवीत जास्त राहिलं तर मुळीला खाली जागा उरत नाही, ती तळाशी गोल फिरायला लागते. तशा कलमाची बाग पुढे दगा देते, म्हणून जाणता शेतकरी ते फुकट दिलं तरी घेत नाही.

वेबसाईट झाली ती रेखाच्या हट्टाने. रेखा म्हणजे अप्पांची सून, शेतीची पदवी घेतलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. आसपासच्या गावांतले शेतकरी तसेही येतात, त्यांना वेबसाईट कशाला? लांबच्यांना आपलं नाव कसं कळणार? मी साईट करून दिली आणि वर्षभरात "मोसंबीची कलमं" असं कोणी मोबाईलवर सर्च मारला की अप्पांची नर्सरी पहिल्या पानावर दिसू लागली. नागपूरकडून, नगरकडून, पार तेलंगणातून फोन यायला लागले. ते फोन रेखाच घ्यायची. त्या भरवशावर मागच्या थंडीत तिने घरात शब्द टाकला, की यंदा दुप्पट डोळे भरू. नानांचा विरोध होता. अप्पांनी सुनेचा शब्द ठेवला.

आता एप्रिल उजाडला होता. नर्सरीत दुप्पट कलमं उभी होती आणि फोन वाजत नव्हता. रेखाने मला ऑफिसात फोन केला. "ताई, दोन हंगाम झाले, ह्या दिवसांत मला जेवायला फुरसत न्हवती. यंदा काहीच न्हाई. माल राह्यला ना, तर ह्या घरात माझं परत कोणी ऐकायचं न्हाई." मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनेच परतूर गाठलं.

गाडीतच मी साईट उघडून पाहिली होती. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. जालना सुटल्यावर रेंज येत-जात होती आणि माझ्यासमोर नुसतं काळं पान होतं. मी बनवलेल्या साईटवर काळं पान! रागाने माझे कान तापले.

झालं होतं ते असं. मार्चमध्ये नर्सरीचा वर्धापनदिन झाला. मांडव, जेवणावळ, फेटे, सगळं थाटात. व्हिडिओ काढायला गजूला बोलावलं होतं. गजू परतूरचा, लग्नाचे व्हिडिओ करणारा, ड्रोनवाला गजू म्हणूनच त्याला ओळखतात. हात चांगला आहे त्याचा, ते मी नाकारणार नाही. पण आमच्या भागातली एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. लग्नपत्रिका असो की चौकातला फ्लेक्स, एकही नाव गळता कामा नये आणि क्रम चुकता कामा नये. एक मामा राहिला तर पुढची दहा वर्षं त्याची समजूत काढावी लागते. गजूने हा व्हिडिओ त्याच रीतीने केला. सगळे व्याही, जावई, मेहुणे, साडू त्यात आले. अप्पा इतके खूश झाले, की त्यांनी वेबसाईटचा पासवर्ड गजूला देऊन टाकला. गजूने तो अख्खा व्हिडिओ, जसा कॅमेऱ्यातून निघाला तसा, होमपेजवर चढवला. पान उघडलं की आपोआप सुरू. आणि खालचा मजकूर "बारीक अक्षरं बरी दिसत न्हवती" म्हणून काढून टाकला. जातींची नावं, लागवडीची माहिती, पत्ता, फोन, हे सगळं व्हिडिओच्या शेवटी रंगीत अक्षरांत सरकत जात होतं.

नर्सरीच्या ऑफिसात अप्पा, नाना आणि रेखा असे तिघे होते. व्हिडिओ काढून टाका म्हटल्यावर अप्पा तसे चिडले, तेव्हा मी दोन गोष्टी सांगितल्या.

"अप्पा, पहिली गोष्ट. हा व्हिडिओ फार जड आहे. साधं पान म्हणजे पिशवीतलं एक रोप समजा, हा म्हणजे भरलेला ट्रक. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर तो उतरेपर्यंत समोर काहीच दिसत नाही. माणूस थोडा वेळ बघतो आणि मागे फिरतो. सर्च इंजिन हे सगळं बघत असतं. मोबाईलवर पान दिसायला किती वेळ लागतो, याचा त्यांच्याकडे हिशेब असतो. रेंगाळणाऱ्या पानाला ते मागे ढकलतात."

"अन् दुसरी?" नानांनी विचारलं.

"दुसरी त्याहून वाईट. सर्च इंजिन म्हणजे एक वाचणारं यंत्र आहे. ते पानावरची अक्षरं वाचतं आणि ठरवतं, की हे पान कशाबद्दल आहे. व्हिडिओत सरकत गेलेली अक्षरं त्याच्यासाठी नसल्यासारखीच. तुमच्या होमपेजवर आज मोसंबी हा शब्दच उरलेला नाही. मग मोसंबी शोधणाऱ्याला ते तुमचं नाव कसं सांगेल?"

इथे एक खरं सांगून ठेवते, कारण माझ्या धंद्यात थापा फार चालतात. नुसत्या वेगाने कोणी पहिल्या नंबरावर जात नाही. वेगाला गुण असतात, पण थोडे. मजकूर चांगला असेल तर किंचित मंद पानही वर राहतं. अप्पांच्या साईटचं दोन्हीकडून नुकसान झालं होतं. मजकूर गेला होता आणि जो कोणी चुकूनमाकून येत होता, तो काळं पान बघून परत जात होता.

अप्पांकडे उत्तर तयार होतं. "म्याडम, तुम्ही म्हंता माणसं येईनात. गजूनं मला आकडे दाखविले. पह्यल्यापरीस जास्त माणसं वेबसाईट उघडून राह्यली."

प्रत्येक साईटला एक मोजणी जोडलेली असते. किती जण आले, कुठल्या गावाहून आले, काय पाहिलं, हे त्यात कळतं. मी लॅपटॉपवर ती उघडली. अप्पा खरं बोलत होते. मार्चपासून येणाऱ्यांची रेघ चांगली वर चढलेली होती. अप्पांनी नानांकडे विजयी नजरेने पाहिलं.

मग मी गावांची नावं उघडली. परतूर. आष्टी. जालना. जाफ्राबाद. पुणे.

"पुण्यात कोण असतं तुमचं?"

"माझा धाकटा पोरगा," अप्पा म्हणाले. "नोकरीला हाय."

"आणि जाफ्राबादला?"

"टेंभुर्णी न्हाई का तिकडं? रेखाचं माह्यार."

"अप्पा, हे तुमचे पाहुणे आहेत. स्वतःला बघायला येतात, बघून झालं की बंद करतात. एकानेही कलमांचं पान उघडलेलं नाही. आणि हे बघा, नागपूर, नगर, तेलंगणा. मार्चनंतर इथे शुकशुकाट आहे."

नानांनी चष्मा वर सरकवला. "म्हंजे दुकानात गर्दी हाय, पर घरच्यांचीच."

अप्पांना ते लागलं. ते म्हणाले, "पर माझ्या मोबाईलवर तर जल्दी उघडतो व्हिडिओ. बिलकुल अडकत न्हाई."

न अडकायला काय झालं! ऑफिसात केबलचं नेट होतं आणि एकदा उतरलेला व्हिडिओ मोबाईल स्वतःकडे जपून ठेवतो. मी लॅपटॉपवर मुद्दाम नेट मंद करून दाखवलं. आमच्याकडे तशी सोय असते, खेड्यातल्या माणसाला पान कसं दिसत असेल ते ऑफिसात बसून बघता येतं. पान काळं झालं. अप्पा म्हणाले, "हे तुम्हीच करून राह्यल्या. मुद्दाम मंद केलं की कोणतंबी मंदच होणार." त्यांचंही बरोबर होतं. आपणच पाय बांधायचे आणि घोडं पळत नाही म्हणायचं, असं त्यांना वाटलं असणार.

"मग विहिरीपर्यंत चला," मी म्हटलं. "फोन मात्र नवा पाहिजे, ज्यावर हा व्हिडिओ कधी उघडलेला नाही. नाना, तुमचा?"

"माझ्यावर कशाला उघडू? मला मी आरशात दिसतो की," नाना म्हणाले आणि त्यांनी मोबाईल काढून दिला.

विहीर नर्सरीच्या मागच्या टोकाला होती. तिथे नेटवर्कची एकच काडी येत होती. ऊन भाजून काढत होतं. अप्पांनी स्वतःच्या हाताने नानांच्या मोबाईलवर साईट उघडली. पान काळं झालं आणि मधोमध एक गोल चक्र फिरायला लागलं. अप्पा मोबाईल डोक्याच्या वर धरून बघू लागले. मग विहिरीच्या कठड्यापाशी गेले. मग परत आले. खिशातली दस्ती काढून त्यांनी कपाळ पुसलं. चक्र फिरतच होतं.

"भाऊ," नाना अगदी गंभीरपणे म्हणाले, "तवर मी दुसऱ्या नर्सरीत जाऊन बुकिंग करून येऊ का?"

रेखाने पदर तोंडाला लावला. मी दुसरीकडे पाहिलं. अप्पांनी मोबाईल नानांच्या हातात दिला. "आपल्याकडलं नेटच तसलं हाय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाकडं बराबर असंल."

आतापर्यंत रेखा एक शब्द बोलली नव्हती. सासऱ्यांसमोर ती तशी कमीच बोलते. आता तिने स्वतःचा मोबाईल काढला, एक नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. काटोलकडचे एक बागायतदार होते. आदल्या हंगामात त्यांनी इथूनच कलमं नेली होती आणि यंदा आणखी नेणार म्हणाले होते.

"काका, परतूरहून रेखा बोलतेय. यंदा कलमांचं काही कळवलं न्हाई तुम्ही?"

"अवो ताई," पलीकडून आवाज आला, "मी तं तुमचंच पान उघडत होतो. नंबर हरवला होता ना माझ्याजवळचा, तो पाहाले. चार-पाच डाव पाह्यलं, काळंच दिसे. मले वाटलं नर्सरी बंद झाली. मंग दुसऱ्याजवळ सांगून देल्लं."

अप्पांनी रेखाच्या हातातून मोबाईल घेतला. "आमची नर्सरी बंद? कोण म्हन्लं तुम्हाला?"

"कोनी नाही म्हटलं अप्पा. पान उघडत नव्हतं, आता मी काय समजू?"

अप्पांनी मोबाईल परत दिला. इतक्या वर्षांत त्यांच्या नर्सरीबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. ते तडक ऑफिसकडे चालायला लागले. मला त्या वेळी त्यांची कीव आली. बाजू जिंकल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

पण मूळ अडचण तशीच होती. ऑफिसात बसल्यावर अप्पा हळू आवाजात म्हणाले, "तुमचं समदं पटलं म्याडम. पर एवढी माणसं त्याच्यात हायेत. काढला तर म्हनतील, कार्यक्रमापुरतं गोड बोलले अन् नंतर हाकलून देलं. माझी मान खाली जाईल."

इंजिनियरिंगमध्ये हा विषय नसतो.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. आष्टीचा एक शेतकरी कलमं बघायला आला होता. अप्पा लगेच उठले. धंद्याच्या माणसाचं असंच असतं, गिऱ्हाईक दिसलं की दुखणं विसरतो. मीही मागोमाग गेले. अप्पांनी रामराम घातला, त्याला सरळ वाफ्यात नेलं, मधूनच एक पिशवी उचलली आणि ब्लेडने उभी चिरली. माती पाण्याच्या टाकीत विसळून काढली आणि पांढऱ्याशुभ्र मुळ्या त्या शेतकऱ्याच्या हातावर ठेवल्या. मग जोड दाखवला, म्हणजे डोळा भरलेली जागा. ती जमिनीपासून पुरेशी उंच आहे की नाही ते त्या माणसाने वीत लावून पाहिलं. अजून नावगावही पुरतं विचारून झालं नव्हतं. शेतकऱ्याने तिथेच बुकिंग केलं आणि चहा न घेताच तो गेला.

मी म्हटलं, "अप्पा, ह्यांना तुम्ही व्याह्यांचा परिचय करून दिला नाही?"

"त्याला कामून? त्याला कलम पाह्यजे."

"चांगलं कलम चिरून टाकलंत त्याच्यासाठी."

"मुळी पाह्यल्याबिगर कोणी घेतंय का? आधी मुळी दाखवावी लागती."

"मग काटोलच्या माणसाला आधी काय दाखवतो आपण?"

नाना मागे उभे होते, ते म्हणाले, "त्याला आपून फेटे दाखवून राह्यलो."

अप्पा आधी चिडले, मग हसले. मातीचे हात टाकीत धुता धुता म्हणाले, "बरं. मुळी दाखवा. पर व्हिडिओ फेकायचा न्हाई, सांगून ठेवतो."

फेकायचा नव्हताच. मी सांगितलं, की पाहुण्यांसाठी साईटवर वेगळं पान करू, "आमचा परिवार" नावाचं. व्हिडिओ तिथे ठेवू. तोही दाबून लहान करायचा, डोळ्याला फरक कळत नाही इतपत. आणि तो आपोआप सुरू होणार नाही. फक्त एक चित्र दिसेल, ज्याला बघायचंय तो बटण दाबेल, तेव्हाच तो उतरायला लागेल. त्या पानाची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. पाहुण्यांना पाहुणे दिसतील, गिऱ्हाइकाला कलम दिसेल.

"अन् टेंभुर्णीचे व्याही?" अप्पांनी शेवटचा खडा टाकला. "त्यांनी मला फेटा बांधला त्याच्यात. समद्या गावाला दाखवून आले ते. त्यांना कोण सांगंल?"

टेंभुर्णीचे व्याही म्हणजे रेखाचे वडील.

"मी सांगते," रेखा म्हणाली. तिने तिथेच फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिने दोन वाक्यांत सांगितलं, की व्हिडिओ पहिल्या पानावरून आतल्या पानावर जातोय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिचे वडील म्हणाले, "म्हंजे मला आता आतल्या खोलीत बसविलं म्हणा की."

"आतल्या खोलीत घरचीच माणसं बसतात आबा," रेखा म्हणाली. "गिऱ्हाईक ओसरीवर असतं."

पलीकडून हसू ऐकू आलं. अप्पांनी खुर्चीत पाठ टेकली. मी आजवर कितीतरी मीटिंगा केल्या, सूट घातलेल्या माणसांबरोबर केल्या, पण एवढ्या कमी शब्दांत अडचण सुटलेली पाहिली नव्हती.

मग माझं काम सुरू झालं आणि ते मी मन लावून केलं. पासवर्ड आधी बदलला. गजूला बोलावलं. तो तोंड पाडूनच आला. "ताई, मी एवढा भारी ड्रोन उडविला, अन् तुम्ही मला मुळ्यांचा फोटो काढा म्हंता?" मी म्हटलं, मोसंबीच्या मुळ्या नवरीइतक्या चांगल्या काढून दाखव, मग मानते तुला. ते त्याला लागलं असावं. रेखाने कलम विसळून तळहातावर धरलं आणि गजूने सावलीत, उन्हात, तिरपा उजेड घेऊन इतके फोटो काढले, की नानांनी शेवटी त्याला जेवायला ओढून नेलं. त्यातला एक फोटो मी निवडला. रेखाचा हात, पांढरी मुळी आणि वर जोड. मी तो इतका हलका केला, की विहिरीपाशीही तो चटकन दिसायचा. मुद्दाम जाऊन पाहिलं मी, नानांच्याच मोबाईलवर.

मजकूर परत लिहिला. आधीचाच चढवला असता तरी चाललं असतं, पण मी रेखाला समोर बसवलं आणि विचारलं, फोनवर लोक तुला काय काय विचारतात? जोड किती उंच? खुंट कोणता? काळ्या जमिनीत चालेल का? लांबच्या प्रवासात कलम टिकतं का? ती सांगत गेली, मी लिहीत गेले. प्रत्येक प्रश्नाचं साधं उत्तर, आमच्या भाषेत. फोन नंबर सगळ्यात वर, बोट लावलं की फोन लागेल असा.

सगळं झाल्यावर सर्च इंजिनला कळवावं लागतं, की पान बदललंय, पुन्हा येऊन वाच. तशी विनंती पाठवता येते. पण ते सरकारी साहेबासारखं आपल्या सवडीने येतं. शिवाय लोकांच्या मोबाईलवर पान कसं उघडतं, याचा त्यांचा हिशेब मागच्या काही आठवड्यांचा मिळून असतो. आज सुधारलं म्हणून उद्या शेरा बदलत नाही. हे मी अप्पांना आधीच सांगितलं होतं. ते "बराबर" म्हणाले होते. पण सांगणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं.

मे महिना मला फार जड गेला. रोज सकाळी चहाच्या आधी मी "मोसंबीची कलमं" सर्च करायची. नवरा म्हणायचा, बाग लावायचीय का? नर्सरी आधी पाचव्या पानावर होती. मग तिसऱ्यावर आली आणि तिथेच अडून बसली. रेखा तिकडे हातावर हात ठेवून बसली नव्हती. ती जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन करत होती. नाना रोज संध्याकाळी वाफ्यांतून चक्कर मारायचे आणि ऑफिसात येऊन म्हणायचे, "कलमं लई झकास हायेत. फक्त हितंच हायेत." रेखाने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा ती हसली नाही.

एकदा अप्पांचाही फोन आला. "म्याडम, एक मेहुणे म्हनत होते, व्हिडिओ होता तवर बरं होतं. मी त्यांना सांगितलं, आमच्या धंद्याचं आमाला बघू द्या. बराबर सांगितलं ना?" मी म्हटलं, शंभर टक्के बरोबर. फोन ठेवल्यावर मला जाणवलं, की त्यांना धीर पाहिजे होता आणि मलाही.

मृग लागायच्या सुमारास एका सकाळी सर्च मारला आणि नर्सरी पहिल्या पानावर होती. वरून तिसरी. नावाखाली मी लिहिलेलीच ओळ होती, जोड किती उंच असावा त्याची. मी लगेच सर्च इंजिनने दिलेला वेगाचा शेरा उघडला. लाल होता तो हिरवा झाला होता. मी जोरात टाळी वाजवली. खालच्या दुकानदाराने जिन्यातून विचारलं, "काय झालं म्याडम?" मी म्हटलं, पास झाले.

मग फोन यायला लागले. आधी एक-दोन, मग रेखाला दुसरा मोबाईल घ्यावा लागला. नगरकडचे तिघे भाऊ जीप करून आले, मुळी बघितली आणि जीप परत पाठवून, टेम्पो ठरवून कलमं घेऊन गेले. तेलंगणातून एक जण आला, त्याला मराठी येत नव्हतं आणि अप्पांना तेलुगू येत नव्हतं. अप्पांनी पिशवी चिरली आणि व्यवहार झाला. काटोलचे काका काही आले नाहीत, त्यांनी दुसरीकडे शब्द दिला होता. ते गिऱ्हाईक व्हिडिओने नेलं ते नेलंच. पण पोळ्याच्या आत वाफे रिकामे झाले. कोपऱ्यात थोडी कलमं राहिली, ती नानांनी स्वतःच्या बांधावर लावली.

थंडीत अप्पांनी मला जेवायला बोलावलं. डोळे भरणारे कारागीर आले होते. हे लोक हंगामापुरते येतात आणि त्यांचा हात इतका चालतो, की बघत राहावं. त्यांच्या मुकादमाने अप्पांना विचारलं, "यंदा किती भरायचे मालक?" नाना सवयीने उत्तर द्यायला पुढे झाले.

अप्पांनी त्यांना हाताने थांबवलं. "मला काय इचारता? रेखाला इचारा. गिऱ्हाईक तिला माहीत असतं."

रेखा भाकरीची टोपली घेऊन उभी होती. तिने टोपली खाली ठेवली, वाफ्यांकडे एकदा पाहिलं आणि मागच्या वर्षीपेक्षाही मोठा आकडा सांगितला. मुकादम नानांकडे बघायला लागला. मग नाना मुकादमाला म्हणाले, "लिवून घ्या ना, बघून काय राह्यले?"

पुण्यात मी मोठमोठ्या कंपन्यांच्या साईटवर काम केलं. त्यातल्या एकीचंही नाव मी अभिमानाने सांगत नाही. परतूर-आष्टी रस्त्यावरच्या ह्या साईटचं सांगते, आणि मला त्यात काहीच संकोच वाटत नाही. त्या अंगणात रेखाने आकडा सांगितला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आता माझ्याकडे नवा माणूस होमपेजसाठी व्हिडिओ घेऊन आला, की मी त्याला नाही म्हणत नाही. मी एवढंच विचारते, की यात गिऱ्हाईक कुठे आहे? बहुतेक जण व्हिडिओ पुन्हा एकदा बघतात आणि घरी घेऊन जातात.